बिट्टी नावाचा फुगा

हे कुणाला खरं वाटो न वाटो. मी शपथ घेत बसणार नाही, कारण जिची शपथ घ्यायची तिच्याबद्दलच हे सगळं आहे.

रात्र नव्हती. मंगळवारची भर दुपार होती. बाहेर रणरणतं ऊन, आणि मी आमच्या स्वयंपाकघरात.

माझा नवरा वादळांचा अभ्यास करतो. शास्त्रज्ञ आहे. लोकांचे नवरे ढग आले की घरी पळतात, आमचा ढगाच्या मागे पळतो! दर उन्हाळ्यात तो आणि त्याच्या कामावरची मंडळी दोन गाड्या घेऊन लांब उघड्या माळावर मुक्काम ठोकतात. वादळ जवळ आलं की फुगा सोडायचा. त्याच्या खाली एक पांढरी डबी लटकते. ती वर जाता जाता तापमान मोजते आणि आकडा खाली गाडीतल्या पडद्यावर पाठवते. शेवटी फुगा फुटतो, डबी कुठेतरी पडते, काम संपलं.

एका वेळी बरेच फुगे हवेत असतात. घोळ नको म्हणून प्रत्येकाला नाव देतात. ढोल्या, खडूस, एकाला तर 'हेडमास्तर'! सोडताना सगळे नाव घेऊन ओरडतात, "हेडमास्तर, जा!"

नियम एकच. घरच्या माणसाचं नाव द्यायचं नाही.

त्यांचे मोठे सर याबाबतीत फार कडक. का, ते मात्र कधी सांगत नाहीत.

त्या दुपारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. आमची बिट्टी सहा वर्षांची. खुर्चीत बसून फोन बघत होती आणि सवयीप्रमाणे खुर्चीच्या पायावर टाच आपटत होती. टक, टक, टक. डोकं उठवायची कार्टी.

"बाबा, आज माझं नाव दे ना."

"नाही गं बाळा, चालत नाही."

"एकदाच! पुन्हा कध्धीच नाही मागणार."

"अरे, नियम आहे ना तुमचा?" मी ओट्याजवळून म्हणाले.

"होऊ दे गं. सर दुसऱ्या गाडीत आहेत."

लेकीपुढे या माणसाचं कधी चाललंय?

पडद्यावर फुगा डोलत होता. मागे काळाकुट्ट ढग. वारा एवढा की शब्द तुटत होते. मग त्याने दोर सोडला आणि ओरडला,

"बिट्टी, जा!"

घरातून निघणाऱ्याला आपण 'जाऊन ये' म्हणतो. नुसतं 'जा' कोण म्हणतं?

कॉल कट झाला.

आणि... टाचेचा आवाज थांबला.

"बिट्टी?"

ती खुर्चीतच होती. मान मागे टाकून छताकडे बघत होती. पाय लोंबत होते, अगदी स्थिर.

तिचे केस... ओले होते. पाणी टपकत होतं.

मी हात धरला आणि झटकन सोडला. बर्फ! मूठ आवळलेली होती. एकेक बोट सोडवून उघडली, तर आत...

बोराएवढी गार. वादळात पडते ना, तशी.

मी किंचाळले. शेजारच्या काकूंनी गाडी काढली. डॉक्टरांचा थर्मामीटर चढेचना. दुसरा लावला, तोही तसाच. "ठोके नीट आहेत, श्वास नीट आहे," ते म्हणाले. "अंग तेवढं गार आहे." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिकडे गाडीत काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं.

वर ढगात पाणी गोठतं. बाकीच्या फुग्यांचे आकडे भराभर खाली येत होते. 'बिट्टी'चा मात्र एका जागी थांबला होता.

सदतीस.

"अरे, यंत्राला काय घाम फुटला का?" कुणीतरी हसलं. नवरा हसला नाही. सदतीस अंश म्हणजे जिवंत अंगाची ऊब, हे घरात लहान मूल असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या डब्या पडल्या. ही पडली नाही. बॅटरी संपायची वेळ उलटून गेली, तरी आकडा येतच होता. मोठे सर आले, पडद्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कुणाचं नाव दिलंस?"

उत्तर ऐकून ते गाडीच्या पायरीवर मटकन बसले. का, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

नवरा काम सोडून घरी आला, तो आकडे पकडणारा रिसीव्हर घेऊनच. आता ते यंत्र आमच्या कपाटावर असतं.

सदतीस. रोज सदतीस.

बिट्टी शाळेत जाते. दिलं ते जेवते. हट्ट नाही, रडणं नाही. लोक म्हणतात, "किती शहाणी झाली हो तुमची मुलगी!" मी मान डोलावते. रात्री दोन पांघरुणं घेऊन तिच्या शेजारी झोपते. ही माझी नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आभाळ भरून आलं की नवरा गच्चीवर जातो आणि "बिट्टी, ये! ये गं!" म्हणून हाका मारतो. शेजारी खिडक्या लावून घेतात.

परवा संध्याकाळी आकडा हलला.

अडतीस...

मग एकोणचाळीस.

बिट्टी समोर चित्र रंगवत होती. मी तिचं कपाळ चाचपलं. थंडगार. नवरा रिसीव्हर पुसून आकडा पुन्हा बघत होता.

मी तोवर उठलेसुद्धा होते. वाटीत पाणी घेतलं, रुमाल भिजवला, पिळला, घडी घातली.

आणि ओली पट्टी हातात धरून तशीच उभी राहिले.

वर माझ्या पोरीला ताप आलाय हो. आणि तिच्या उशाशी कुणी नाही.