निघणाऱ्याच्या हातावर दही

ही घटना ऐकीव नाही. ती माझ्या घरात, भर दुपारी घडलेली आहे.

मी शासकीय तंत्रनिकेतनातून रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा घेतला आणि उभे आयुष्य एसीच्या दुरुस्तीत घालवले. ज्या बिघाडाचे कारण सापडत नाही, त्याचा पाठपुरावा करणे हा माझा स्वभाव आहे. या एका गोष्टीपुढे मात्र मी हरलो.

स्थळ अबुधाबीजवळची खलिफा सिटी. ऑगस्ट २०१२ मधला शुक्रवार. त्या दिवशी माझी एकुलती एक मुलगी शुभ्रा शिक्षणासाठी पुण्याला निघणार होती.

परंतु आधी विभावरीविषयी सांगणे आवश्यक आहे. सगळे तिला ताई म्हणत. तेव्हा मीही म्हणत असे; आता म्हणणार नाही.

विभावरी मूळची मिरजेची. रुग्णालयात आया म्हणून इकडे आली. नवरा ‘बहारीनला जाऊन येतो’ म्हणून निघाला, तो परतलाच नाही. पुढे तिने एक व्हिला भाड्याने घेतला, जिप्समच्या भिंती घालून त्याच्या लहान लहान खोल्या पाडल्या आणि आपल्याकडच्या एकट्या पुरुषांना राहायला दिल्या. ती त्यांना रांधून घाली, आजारपणात उशाशी बसे. कोणी गावी निघाला की त्याला दाराशी थांबवून उजव्या तळहातावर दहीसाखर देई.

परमुलखात, आईच्या वयाच्या बाईने दिलेले ते दही कोण नाकारणार?

२००९ साली मंदीने कामे ठप्प झाली. कर्जे थकलेली माणसे रातोरात देश सोडू लागली. विमानतळावर गाड्या बेवारस उभ्या असत. त्यामुळे कोणी दिसेनासा झाला की लोक एकच शब्द बोलत: पळाला.

विभावरीचे तीन भाडेकरूही असेच ‘पळाले’.

त्या व्हिलाचे एसी माझ्या देखभालीत होते. एकदा मागच्या बाजूला मला एक आउटडोअर युनिट चालू दिसले. त्याचा तांब्याचा पाइप जिथे भिंतीत शिरत होता, तिथे आत खोलीच नव्हती.

मी तिला विचारले, “ताई, हा पाइप जातो कुठे?”

“भिंतीत,” ती हसली. “एवढा डिप्लोमा केलात, आणि पाइपला पत्ता विचारता होय? यल्ला, चला, आधी जेवून घ्या. मच्छी गार होतेय.”

“पलीकडे खोली आहे का?”

“आहे की.”

“कोणाची?”

“जाणाऱ्यांची.”

मी जेवलो नाही. तडक पोलीस ठाणे गाठले.

पोलिसांनी भिंत फोडली. आतली हवा बर्फासारखी होती. तिघे तीन पलंगांवर नीट झोपवलेले होते. बॅगा भरलेल्या, पायांत बूट. आणि प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर…

…काहीतरी पांढरे वाळलेले.

तिने दह्यात विष कालवले होते. गुन्हा सिद्ध झाला, जन्मठेप झाली. पश्चात्तापाचा एक शब्द तिने काढला नाही. “जातो म्हणाले, म्हणून ठेवून घेतले,” एवढेच तिचे म्हणणे.

खटल्यात साक्ष देऊन मी तिच्यासमोरून निघालो, तेव्हा ती हळूच मराठीत म्हणाली, “भाऊ, तुमची पोरगीही निघेलच की एक दिवस. तिला दही द्यायला मी येईन.”

कोर्टातला दुभाष्या हिंदीचा होता. त्याला ते कळले नाही.

त्या दिवसापासून माझी पत्नी अनुराधा हिने घरात दही आणणे बंद केले. ताक नाही, कढी नाही, कोशिंबीर नाही.

जून २०१२ मध्ये युसुफचा फोन आला. हा खेडचा, माझ्या हाताखाली काम करणारा.

“चाचा, खलास! मेली ती जेलमध्ये. आता बेबीला बिनधास्त पाठवा.”

मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही.

आता तो शुक्रवार. शुभ्रा बॅगेवर बसली होती आणि आम्ही दोघे चेन ओढत होतो.

“पुण्यात काय मिळत नाही म्हणून हा डोंगर नेतेस गं?” अनुराधा वैतागली.

“माय ओन लाइफ, आई! इकडे नाही मिळत ते,” शुभ्रा हसली. “आय कान्ट वेट टू गेट आउट ऑफ हिअर.”

बूट घालायला ती बाहेरच्या दाराकडे गेली. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

अचानक एसी बंद पडला.

घर निःशब्द झाले. आणि मग…

…वाटीत चमचा ढवळल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून.

“अहो,” अनुराधा कुजबुजली, “तिथे कोण आहे?”

मी धावलो. स्वयंपाकघर रिकामे. ओट्यावर वाटी नव्हती, चमचा नव्हता. होता फक्त…

…आंबट वास.

तोच दाराकडून शुभ्राचा आवाज आला. “थँक यू, आंटी!”

ती एकटीच उभी होती. पायांत बूट, ओठ पांढरे. तळहात चाटत होती.

“थुंक! आधी थुंक ते!” अनुराधाने तिला बेसिनकडे ओढले.

“रिलॅक्स, आई. शी सेड यू फरगॉट.”

दाराची कडी आतून लावलेली होती.

रुग्णालयात सगळ्या तपासण्या केल्या. काहीही निघाले नाही. मुलगी ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाले. अनुराधा तिथेच रडली. मुलगी वाचली, असे आम्हाला वाटले.

परत येताना गाडीत मी म्हणालो, “विमान गेले तर गेले. उद्याचे तिकीट काढू.”

शुभ्रा खिडकीबाहेर पाहत होती. आमच्याशी आयुष्यभर अर्धे इंग्रजीतच बोललेली ही मुलगी. ती वळली आणि…

“जायचं कशाला, बाबा?” ती शांतपणे म्हणाली. “हितंच बरं आहे की.”

हे मिरजेकडचे बोलणे तिला कोणी शिकवले नव्हते.

घरी पोहोचताच तिने बूट काढले. कॉलेजचा प्रवेश रद्द झाला. पुढे दोनदा तिकिटे काढली. दोन्ही वेळा ती दारापर्यंत आली आणि खाली बसली. रडली नाही, भांडली नाही. नुसती बसून राहिली. मानसोपचारतज्ज्ञ झाले, अंगारेधुपारे झाले. आज ती तिशीत आहे, शांत आहे, आमची सेवा करते.

आम्ही दोघे थकलो आहोत. शेवटचे दिवस गावी काढावेत, असे फार वाटते. कधीतरी जेवताना अनुराधा चुकून म्हणून जाते, “आता आपण निघायला हवे.”

मग शुभ्रा ताटावरून उठते. हसते. आणि सावकाश स्वयंपाकघरात जाते.

मी घाईघाईने विषय बदलतो.