कोपऱ्यावरची लाल पेटी

"खारे! ए खारे! आम्ही आलो!"

गल्लीच्या तोंडापासूनच मुंगीने हाका मारायला सुरुवात केली. हातातली पिशवी तिने दादाच्या गळ्यात अडकवली आणि ती धावत सुटली. आजी गेली तेव्हा ती गावी आली होती, त्यानंतर थेट आता, वर्षभराने, सुट्टी लागल्यावर. आजोबांच्या शेजारच्या घराच्या खिडकीत तिची जिवाभावाची मैत्रीण उभी होती. तीच ती खार! मुंगी आणि खार ही दोघींनी एकमेकींना ठेवलेली नावे. दोन वेण्या, आणि दोन्हींना वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी!

खारीने मुंगीकडे पाहिले आणि खिडकी लावून घेतली. धाडकन!

मुंगी जागच्या जागी थिजली.

"ओळखलं नसेल तुला," दादा मागून धापा टाकत म्हणाला. "पण ओळखायला हवं होतं खरं. उंची तर एक बोटसुद्धा वाढली नाही तुझी."

"दादा, गप्प बस!"

पण खरा धक्का घरात होता. बाहेरच्या खोलीत मधोमध एक ट्रंक होती, दोरीने आवळून बांधलेली. भिंतीवरचे आजीचे चित्र काढलेले होते. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. नात दिसताच ते उठायचे, तिला गरकन फिरवायचे. आज नुसते म्हणाले, "आलात? पाणी प्या."

"अण्णा, ही ट्रंक कशाला?" बाबांनी विचारले.

"उद्या सकाळी दहाला गाडी येणार आहे. वृद्धाश्रमात जागा मिळाली मला. घराच्या किल्ल्या तुझ्याकडे ठेव."

बाबांच्या हातातला पेला तसाच राहिला. "वृद्धाश्रम? मला न विचारता?"

"विचारलं. चार वेळा विचारलं."

"कधी?"

"पत्रांतून!" आजोबांचा आवाज चढला. "तुझी पत्रं आली की मला. मुलीचे मार्क, मुलाचा मुरगळलेला पाय, तिकडचा उकाडा. सगळं होतं. मी जे विचारलं, त्याबद्दल चकार शब्द नाही!"

"अण्णा, सहा महिन्यांत तुमचं एकही पत्र आलं नाही! प्रत्येक वेळी शेवटी लिहीत होतो, तुमच्या पत्राची वाट पाहतोय म्हणून."

"ते सगळेच लिहितात. पत्राच्या शेवटी दुसरं लिहितात काय?"

"पण खरंच—"

"पुरे!" आजोबा उठले. "नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचंस. खोटं कशाला? तुझी आई असती तर तिच्यासमोर बोलला असतास खोटं?"

आतल्या खोलीचे दार लागले. मुंगी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिले. चाळिशी उलटलेल्या बाबांना कुणी खोटारडे म्हटलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते. बाबा ट्रंकेवर बसले. ते पाणी प्यायलेच नाहीत.

मुंगी मागच्या दाराने बाहेर पडली. तिला कुणावर तरी ओरडायचे होते, आणि कुंपणापलीकडे खार कपडे वाळत घालत होती.

"काय गं, खिडकी का लावलीस तोंडावर?"

"मग काय ओवाळायला येऊ?" खारीने टॉवेल झटकला. "'खार आळशी झाली, एक ओळ लिहीत नाही!' कोणी लिहिलं? तूच ना? सहा पत्रं पाठवली तुला! सहा! जिन्यावरून पडले, दात तुटला, तेसुद्धा लिहिलं. आणि तू विचारतेस, 'बाकी काय नवीन?'"

"तुझा दात तुटला?"

"हा बघ!" खारीने ओठ वर केला. डावीकडे चांगली खिंड पडली होती.

"आई गं! खारे, शप्पथ, मला एकही पत्र मिळालं नाही."

खारीच्या हातातला चिमटा खाली पडला. "एकही नाही?"

"आणि बाबांना आजोबांचं एकही नाही." मुंगीचे डोके भराभर चालू लागले. "दोन घरं, दहा पत्रं, आणि सगळी गायब! टाकलीस कुठे?"

"कोपऱ्यावरच्या पेटीत. आजोबाही तिथेच टाकतात, दूध आणायला जाताना. मी पाहिलंय."

दादाला खेचून घेऊन तिघे कोपऱ्यावर पोचले.

पेटी होती. भिंतीतच बसवलेली, लालभडक, चकचकीत. रंग अगदी नवा होता. 'पत्रे काढण्याची वेळ : दुपारी चार' ही अक्षरेही पांढरीशुभ्र.

"चांगली तर आहे," दादा म्हणाला.

मुंगीने वहीचा कोरा कागद घडी करून फटीत सारला. पूर्वी पत्र टाकले की आतून, खोलवरून 'टप्' असा आवाज यायचा. आज काहीच आवाज आला नाही. कागद अर्धा आत गेला आणि अडला. मुंगीने दोन बोटे फटीत घातली.

"कागद! दादा, इथपर्यंत कागदच कागद आहेत!"

"हात काढ! दुसऱ्यांची पत्रं काढणं गुन्हा आहे!"

"काढत कुठे आहे? चाचपतेय!"

"पण चारला काढतात ना रोज?" खार म्हणाली. मग तीच चपापली. "पोस्ट इथून हललं! सहा महिने झाले, बस थांब्याजवळच्या नव्या इमारतीत गेलं. या जागेत आता शिंप्याचं दुकान आहे."

शिंपीकाका तोंडात टाचण्या धरून कापड आखत होते. पेटीच्या बरोबर मागे कपाट उभे होते आणि त्याच्यामागे गुळगुळीत भिंत. झाकण नाही, कुलूप नाही, काही नाही!

"काका, इथे पेटीचं दार होतं ना?"

"होतं की," शिंपीकाकांनी टाचण्या काढल्या. "लोखंडी झाकण होतं, कपाट लागेना. गवंड्याला म्हटलं, भिंत सरळ करून दे. त्याने गिलावा मारून सरळ केली. बाहेरची फट बुजवायचं मी रंगाऱ्याला सांगितलं होतं."

रंगारी समोरच शिडीवर चढून एक दार रंगवत होता.

"मला म्हणाले दर्शनी भाग रंगव," तो वरूनच बोलला. "पेटी लाल होती, लाल रंगवली! अक्षरं मी माझ्याच हौसेने काढली. तो चारचा आकडा बघा, कसा सुबक आलाय!"

"अहो, पण फट बुजवायची होती ना?" मुंगी ओरडली.

"मी रंगारी आहे, पोरी. बुजवाबुजवी गवंड्याची!"

मागून पक्की बंद, पुढून झकास उघडी! सहा महिने सगळी गल्ली भिंतीत पत्रे टाकत होती!

"काका, भिंत फोडा. आत्ताच्या आत्ता!"

"वा गं वा! पोस्टमास्तरांनी सांगितल्याशिवाय मी टाचणीसुद्धा लावणार नाही."

नव्या पोस्टात पोस्टमास्तरांनी एक जाडजूड फाइल उघडली, जिभेला बोट लावत पाने उलटली आणि चष्म्यावरून पाहिले. "कोपऱ्यावरची पेटी. काढून टाकली. ही माझी सही."

"पण ती आहे!"

"कागदावर नाही."

"भिंतीत आहे!"

"मी कागद बघतो, भिंती बघत नाही. पाच वाजले." आणि खिडकी बंद!

तिघे परत निघाले. उद्या दहाला गाडी येणार होती. आजोबा जाणार होते, आणि बाबा जन्मभर खोटे ठरणार होते.

"खारे," मुंगी एकदम थांबली, "त्या पेटीत आणखी कोण कोण पत्रं टाकतं?"

खार बोटे मोजू लागली. "आम्ही, आजोबा, चक्कीवाल्या काकू, पोस्टमास्तरांच्या बाई—"

"कोण?"

"पोस्टमास्तरांच्या बाई, त्यांची बायको गं. गल्लीच्या टोकालाच राहतात ना. आईला पत्रं लिहीत असतात."

मुंगी हसली. गावी आल्यापासून पहिल्यांदाच!

बाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. मुंगी अगदी साळसूदपणे म्हणाली, "मावशी, तुमच्या आई बऱ्या आहेत का? पत्रं येतात ना त्यांची?"

"कसली येतात!" बाईंनी सुरी खाली ठेवली. "येतात ती रुसव्याची. 'मेलीस की जगलीस' म्हणून विचारते. मी इथून पाच पत्रं टाकली!"

"कोपऱ्यावरच्या पेटीत? पण मावशी, ती पेटी नाहीच आहे. काकांच्या सहीने काढलीय. आम्हाला फाइल दाखवली त्यांनी."

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कोपऱ्यावरच्या पेटीपेक्षाही लाल! त्या उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि पोस्टाच्या दिशेने निघाल्या.

पंधरा मिनिटांत पोस्टमास्तर शिंप्याच्या दुकानात हजर! मागे बाई, त्यांच्यामागे छिन्नी घेऊन गवंडी आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली.

"फोड," पोस्टमास्तर बारीक आवाजात म्हणाले.

मुंगी वाऱ्यासारखी घरी पळाली. बाबा लगेच निघाले. आजोबा मात्र दाराआडून म्हणाले, "मला बांधाबांध करायचीय."

"आजोबा, फक्त दहा मिनिटं! तुम्ही बाबांना खोटारडे म्हणालात ना? मग खरं काय ते बघायला नको?"

आतून काठीचा आवाज आला.

ते पोचले तेव्हा कपाट बाजूला सरकवलेले होते आणि गिलाव्याचे पापुद्रे जमिनीवर पडले होते. मधे गंजके लोखंडी झाकण दिसत होते. पोस्टमास्तरांच्या जुडग्यात त्याची किल्ली तशीच होती! कुलूप करकरले. झाकण उघडले.

पत्रांचा ढीग घसरत आला. पांढरी पाकिटे, पिवळी कार्डे, निळी पाकिटे. शिंपीकाकांच्या पावलांवर, खडूवर, कात्रीवर! सगळ्यात वरून मुंगीचा कोरा कागद घरंगळला. रंगारी ब्रश हातात धरून नुसता उभा होता.

पोस्टमास्तर स्टुलावर मटकन बसले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि पत्ते वाचू लागले. बाबांच्या नावाची चार पाकिटे निघाली. आजोबांनी छापखान्यात चाळीस वर्षे अक्षरे जुळवली होती. त्यांच्या हातचे अक्षर लांबूनही ओळखू यायचे.

बाबांनी पहिले पाकीट तिथेच फोडले. मुंगी त्यांच्या कोपराखालून वाचू लागली.

'ही गेल्यापासून सकाळी मी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. जेवण जमते. बोलायला कुणी नाही, ते जमत नाही. तुमच्याकडे एक खाट टाकायला जागा आहे का? नसेल तर तसे कळव. राग मानणार नाही.'

बाबांनी ते पुन्हा वाचले. मग आणखी एकदा. ते आजोबांकडे गेले नाहीत. पोस्टमास्तरांकडे वळून म्हणाले, "एक कार्ड द्या."

शिंप्याच्या टेबलावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड मुंगीच्या हातात दिले. "नेऊन दे. पेटीत टाकू नकोस."

दुकानभर पत्रांतून वाट काढत मुंगीने ते आजोबांना दिले. आजोबांनी ते डोळ्यांजवळ धरले. 'जागा आहे. तुमची खाट खिडकीपाशी टाकू, उद्याच चला.'

"तारीख घातली नाहीस," आजोबा म्हणाले.

बाबांनी कार्ड परत घेऊन तारीख घातली. आजोबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. "मी तुला नको ते बोललो रे," ते पुटपुटले.

पोस्टमास्तरांच्या बाईंनी मुंगीची पाठ थोपटली. "अगं, मी दर वेळी अंगठ्याने दाबून पत्र आत ढकलत होते! पण इतकी भरली का, हे काही मनात आलं नाही."

"सगळी गल्ली ढकलत होती," आजोबा म्हणाले. "या तिघांनी चाचपून पाहिलं. शाबास रे पोरांनो!"

"आजोबा, माझी सहा पत्रं कुठायत?" खार ढिगात गुडघ्यांवर बसून उपसत होती. "मुंगे, सगळी वाचायचीस! दाताचं चौथ्यात आहे!"

तेवढ्यात आजोबांना आठवण झाली. "अरे, त्या गाडीवाल्याला कोण कळवणार? उद्या दहाला येईल तो!"

"त्यात काय," पोस्टमास्तर लगबगीने उठले, "एक कार्ड टाकून देतो—"

"नको!" सगळे दुकान एका सुरात ओरडले.

आणि मुंगी, खार आणि दादा गाडीवाल्याच्या घराकडे धूम पळत सुटले.