ओठांकडे बघणारी ठमी

पाठीमागून तीन हाका आल्या. ठमीने तिन्ही ऐकल्या, पण मान काही वळवली नाही. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ती आपली बांधावरून चालत राहिली. शेवटी हाका मारणारा चांगदेव चिखलातून धावत पुढे आला आणि वाट अडवून उभा राहिला.

"बहिरी हाय का गो?"

ठमीने त्याच्या ओठांकडे टक लावून बघितलं. ते खरंच हलत होते. "न्हाय. बोल."

चांगदेव बोलायचंच विसरला! "टोपली फाटलीय... मीठ सांडतंय तुझं."

पेणच्या खाडीकाठच्या त्या मिठागरावर तो नवाच होता. त्याला काय ठाऊक? तीन वर्षांपूर्वी ठमीला कुणी नसताना आवाज येऊ लागले. भगत झाले, अंगारे झाले, गाव म्हणाला लागीर झालं. अखेर मामाने ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. कुणाचा पुरता जातो, कुणाचा अधूनमधून डोकावतो, पण माणूस उभा राहतो. दीड वर्षाने ठमी उभी राहिली. आता आवाज क्वचित येत. तिने युक्ती काढली होती: ओठ हललेले दिसले तरच ओ द्यायची.

गाव मात्र होता तिथेच. येडी डोक्यात घालील म्हणून तिच्या हाती कुणी फावडं देत नसे. चांगदेवाने ते सहज दिलं, तेव्हा भोवतालच्या बायका दचकल्या आणि ठमी दिवसभर गुणगुणत मीठ ओढत राहिली.

तोही काही कमी नव्हता. एवढंसं सांगायला अख्ख्या बांधाला वळसा घालून समोर येई. "मना बघितल्याबिगर बोलवत न्हाय ना तुला?"

"तोंड बघ आरशात!" ठमी म्हणे... आणि खरं कारण गिळून टाकी.

होळी झाली आणि त्याच्या घरून मागणी आली. उद्या सुपारी फुटायची. मनुबाई मावशीने बजावलं, "त्याला काय बोलू नको. लगीन झालं का सगलं जातं."

पण फसवून संसार मांडायचा कसा? दुपारच्या भाकरीला ठमीने त्याला गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. "तुझ्या ओठांकडं बघायची ना मी... ती प्रीत नव्हती. म्हंजे, पयली तरी नव्हती."

चांगदेवाने हातातली भाकरी खाली ठेवली.

"अजून येतो आवाज?"

"कवातरी. झोप न्हाय झाली का."

"मंग मी काय करायचं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मी इचारलं, कोन बोलला का, तर खरं सांगायचं. हसायचं न्हाय. आनि लगीन झालं म्हनून ते जाईलच असं न्हाय, आदीच सांगते."

"माझ्या बापाचा दमा कुठं लग्नानं गेला?" तो म्हणाला. "आय पंचवीस वर्सं पाठ चोलते त्याची. भांडतात, हसतात, खुशाल हायेत दोघं."

ठमीला रडू फुटलं. मामाचे, त्या डॉक्टरांचे, या वेड्या गड्याचे... कुणाकुणाचे उपकार मानावेत! तिने भर उन्हात, अख्ख्या मिठागरादेखत त्याचा हात धरला.

"उद्या ये," ती म्हणाली. "मावशी काय पन बोलू दे. सुपारी मीच देनार तुझ्या हाती."