खुर्चीखालचा लाल मणी

अरुंधती आणि दिवाकरची पहिली भेट झाली ती भांडणानंच. साल ब्याऐंशी. कन्हानजवळच्या कोळसा खाणीच्या आवारात, पत्र्याच्या खोलीत ती यंत्रासमोर बसलेली असे. खाली दगड कुठं बारीकसा जरी तडकला, तरी खाणीच्या छतात बसवलेले मापक तो हादरा तारेतून वर पाठवत आणि कागदावरची रेघ थरथरे. कुठल्या मापकाशी हादरा आधी पोचला, कुठल्याशी मागून, यावरून ती तड्याची जागा काढी आणि काचेच्या पेटीत, दोऱ्यावर, तिथं एक मणी ओवी. मण्यांची रांग दिसू लागली, की भेग कुणीकडे चालली ते कळायचं. त्या दिवशी मापक बसवून वर आलेल्या कोळशानं काळ्याकुट्ट झालेल्या एका तरुणानं तिच्या कोऱ्या कागदावर संत्रं ठेवलं.

"अहो, डाग पडला ना कागदावर —"

"संत्रं पाहा ना. आमच्या नरखेडचं आहे, गोड निघन."

तो हसला तेव्हा दात तेवढे पांढरे दिसले. ती रागावली खरी... पण संत्रं तिनं खाल्लं.

बायकांना खाणीत उतरायला कायद्यानं बंदी. जिचे मणी पाहून कुठं खणायचं ते ठरे, तिनं ती जागा कधी पाहिलीच नव्हती. मग दिवाकर वर आला की सांगे... टपकणारं पाणी, दिव्याच्या उजेडात चमकणारा कोळसा. रोज सकाळी मापक तपासायला तो एका ठरलेल्या खांबावर हातोड्याचे तीन ठोके मारी. वर कागदावर तीन टोकं उमटली, की अरुंधतीचा दिवस सुरू होई. हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

मग वर्ध्याचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते. तिनं ते मुद्दाम दिवाकरच्या कानावर घातलं. तो "बरं" म्हणाला आणि खाली निघून गेला. मेला नुसता बरं!

शनिवारी दुपारी रेघ अचानक जोरात हलली. तिनं हिशेब केला, पुन्हा केला. जागा निघाली ती थेट तिच्याच खोलीखालची, जिथं आजवर एकही मणी नव्हता. दिवाकर खाली होता. तिनं खाली खाणीत फोन लावला आणि सगळ्यांना वर काढायला लावलं.

सगळ्यात शेवटी दिवाकर आला, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. मग तिनं कागद नीट पाहिला. तीन टोकं — सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर. दगड असा मोजूनमापून तडकत नाही. तिचे कान तापले.

मॅनेजर गोपाळराव दारात उभे होते. "कुठं आहे तडा?"

आपली चूक झाली असं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण दिवाकर पुढं झाला.

"तडा नाही साहेब. हातोडा मी मारला."

"तिथं काहून?"

दिवाकरनं टोपी काढली आणि अरुंधतीकडे मान वळवली. "नकाशावर मोजून पाह्यलं, साहेब. यायची खुर्ची बरोब्बर तिथंच वर येते. यायले खाली येता येत नाही... म्हटलं, आपणच जाऊन खाली उभं राहावं. वाटलं, हिशेब करतीन अन् समजतीन."

बाहेर पाळीवरची सगळी माणसं उभी होती. गोपाळरावांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि आठवडाभर घरी बसायला सांगितलं. तो मान खाली घालून वळला, तेव्हा अरुंधती सगळ्यांसमोर म्हणाली,

"घरीच बसणार, तर उद्या महाल भागात आमच्या घरी या. पाहुण्यांच्या आधी."

त्या संध्याकाळी तिनं खोलीखालच्या जागी एक लाल मणी ओवला. हिशेबाप्रमाणे तो तिथं नको होता, पण तिनं तो कधीच काढला नाही.

आता ती खाण बंद आहे, खालच्या बोगद्यांत पाणी भरलंय. पेटी त्यांच्या दिवाणखान्यात आहे. चहा हवा असला की दिवाकर अजून टेबलावर तीन ठोके मारतो, आणि अरुंधती, न ऐकल्यासारखं करत, उठते.