रामकृष्णाचा वारस

देवेश क्वान्टिटी सर्व्हेयर होता. इमारतीला विटा किती लागतील, सळया किती, सिमेंट किती, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगणं हा त्याचा धंदा. अशी माणसं घरातही तशीच वागतात. मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कधी भात उरला, तर यशश्री म्हणायची, "साहेब, एस्टिमेट चुकलं तुमचं." तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ खरोखरच मोजून घ्यायचा.

यशश्रीला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा सातवा लागायच्या आतच सगळं संपलं होतं, आणि दोन्ही वेळा देवेशनं रिकाम्या हातांनी तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. त्यामुळे या खेपेला पाळणा आणला नव्हता, नावं काढली नव्हती, ऑफिसात कोणाला सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी पोटात हालचाल झाली की यशश्री त्याचा हात ओढून तिथं ठेवायची आणि दोघं टीव्हीचा आवाज बंद करून बसायची. देवेशला नोकरीत बढती नको होती, गावात घर नको होतं. त्याला हे मूल हवं होतं.

त्याची आई द्रौपदीबाई देवगडकडच्या गावात एकटी राहायची. तिचा फोन रोज यायचा आणि रोज एकाच ठिकाणी येऊन थांबायचा. देवेशचे खापरपणजोबा भिकाजी. त्यांचे थोरले भाऊ रामकृष्ण इंग्रजांच्या मस्कतच्या वकिलातीत कंपाउंडर होते. ते इथंच वारले, त्यांचं दिवसकार्य कोणी केलं नाही, आणि तेव्हापासून आपल्या घरात मूल सुखासुखी जगत नाही, असं तिचं म्हणणं.

"तेचा काय ऱवला हां ता आधी बघ, बाबा," ती म्हणायची. "पाळणो मागाहून घेवक येता."

देवेशचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण माणूस दोनदा पोळला की ताकही फुंकून पितो. शिवाय त्याचा स्वभाव असा, की मोजता येत नाही ते तो मानायचा नाही, पण शोधता येतं ते त्याला सोडवायचं नाही. २०१७ चा ऑगस्ट होता, कंपनीकडे कामं कमी होती. वकिलातीची जुनी दप्तरं लंडनवाल्यांनी इंटरनेटवर चढवली आहेत, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आईची समजूत पडेल एवढं एक नाव, एक साल मिळालं तरी पुरे, म्हणून तो बसला.

मिळालं त्याहून बरंच जास्त. वकिलातीच्या कोर्टात हिंदी प्रजेच्या मृत्युपत्रांचे आणि वारसांच्या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. त्यात रामकृष्णाचं मृत्युपत्र होतं, इंग्रजीत, खाली मोडीत सही. सूर बंदरात खाडीकाठी राहणारी शम्सा, तिला आपण बायको मानलं आहे, आणि तिच्या पोटचा आपला तान्हा मुलगा आपला वारस आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली दोन साक्षीदारांची जागा होती आणि तिथं एकच सही होती. दुसरा साक्षीदार मिळायच्या आत बिचारा गेला असावा.

त्याच्या पुढचा कागद भिकाजीच्या जबानीचा. भिकाजी मुंबईहून आगबोटीनं आला, कोर्टापुढे उभा राहिला आणि गंगाजळावर हात ठेवून म्हणाला, माझा भाऊ अविवाहित होता, त्याला मूलबाळ नाही. एकसाक्षी मृत्युपत्र कोर्टानं बाजूला ठेवलं आणि भावाच्या सामानासकट भिकाजी परत गेला. त्यानंतर शम्साच्या नावानं एक अर्ज होता. त्यावर कारकुनानं शेरा मारला होता, मूल वारल्यामुळे अर्ज निकाली.

देवेशनं लॅपटॉप मिटला. आपल्या देवघरात ज्या भिकाजीचा टाक पुजतात, त्यानं एका तान्ह्या पोराला नाही म्हटलं होतं. देवेशला मनापासून लाज वाटली. यशश्रीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तो सूरला गेला. खाडीकाठच्या चहाच्या टपरीवर शम्सा नावाच्या जुन्या बाईचं घर विचारलं, तर हसण्यावारी नेतील असं त्याला वाटलं होतं. टपरीवाल्यानं सरळ हात केला. गलबतं बांधायच्या जुन्या जागेमागं एक पांढरं बुटकं घर होतं, आणि दारात एक म्हातारा उभा होता. त्याचं नाव अमीन. तरुणपणी मुंबईच्या गोदीत ये-जा करून त्यानं हिंदी उचलली होती. देवेशनं आपलं आणि रामकृष्णाचं नाव सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवल असं काही दिसलं नाही.

"तुम लोग बहुत देर किया," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

आत खजूर आणि अरबी कॉफीचा कावा मांडून ठेवला होता. अमीन त्या शम्साच्या बहिणीचा वंशज. म्हातारा आणि त्याची बायको, दोघंच त्या घरात राहत. मुलं झाली नव्हती. देवेशनं कागदांत वाचलेलं सगळं सांगितलं, भिकाजीची खोटी शपथसुद्धा. अमीन मान हलवत राहिला. शम्साचीही एक वसीयत होती, तो म्हणाला, पण ती कागदावर नव्हती. तोंडीच या घरात एकाकडून दुसऱ्याकडे आली. मागची खोली झाडून ठेवायची. हिंदहून त्यांच्या घरचा माणूस येईल, त्याच्याकडे काही मागायचं नाही. तो आपणहून बोलेल.

देवेशनं ती खोली पाहिली. तिला खिडकी नव्हती. जमिनीवर खाडीची बारीक वाळू अंथरून ती नीट सारखी केली होती, बाकी काही नव्हतं. बाहेर ऑगस्टचं ऊन भाजत होतं आणि आत गारवा होता. त्यानं सवयीप्रमाणे भिंतीची जाडी डोळ्यांनी मापली. ती बेताचीच होती. तो अमीनला काहीतरी विचारायला लागला आणि आपण कुजबुजतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. अमीनची बायको दारात उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, आणि तिघंही पाय न वाजवता बाहेर आले.

निघताना देवेशनं आणलेली मिठाई पुढे केली. म्हाताऱ्यानं घेतली नाही. "हमारा कुछ नहीं है," तो म्हणाला. "जो है, उसका है."

सर्वपित्री अमावास्येला देवेश पुन्हा सूरला गेला. मस्कतच्या मंदिरातल्या गुरुजींनी सगळा विधी समजावला होता. काळे तीळ घालून भात शिजवायचा, पिंड करायचे, नावगोत्र घ्यायचं, कावळा शिवेपर्यंत थांबायचं. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं, शास्त्राला ते चालतं. गुरुजी व्यवहारी होते, त्यांनी दर्भाची जुडी बरोबर दिली होती. यशश्रीला त्यानं सांगितलं, साइटवर जाऊन येतो, संध्याकाळपर्यंत घरी. ती म्हणाली, "लवकर ये. आज हा सकाळपासून लाथा मारतोय नुसता."

अमीननं घरामागची खाडीकडची जागा दिली. ओहोटी होती, चिखलाला उग्र वास येत होता. देवेशनं उपरणं उलट्या खांद्यावर घेतलं, केळीच्या पानावर पिंड मांडले, पाणी सोडलं आणि मागं सरून हात जोडून उभा राहिला. अमीन आणि त्याची बायको मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. हा आपला रिवाज नाही, तरी पाहुण्याचं कार्य आहे म्हणून थांबली असतील, असं त्याला वाटलं.

कावळ्यांना सूरमध्ये तोटा नाही. मुंबईच्या गलबतांवरूनच ते इकडे आले असं म्हणतात. ते आले, कुंपणाच्या भिंतीवर बसले, काही खाली उतरले. पानाबाहेर सांडलेली शितं त्यांनी वेचून खाल्ली. पिंडाकडे मात्र एकही फिरकला नाही.

अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते देवेशला ठाऊक होतं. वडिलांच्या वेळी त्यानं ते पाहिलं होतं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि ते करण्याचं वचन मोठ्यानं द्यायचं. त्याला आधी संकोच वाटला, मग तो बोलायला लागला.

तुमचं श्राद्ध मी दरवर्षी करीन, तो म्हणाला. कावळे बसून राहिले.

इथली माती गावी नेऊन आपल्या समुद्रात सोडीन.

भिकाजी खोटं बोलला. त्याच्या वतीनं मी तुमची माफी मागतो.

ऊन डोक्यावर आलं. भाताला पाणी सुटायला लागलं. एक कावळा पिंडाभोवती चालत फिरला आणि परत भिंतीवर जाऊन बसला. देवेशला घरी जायचं होतं. यशश्री एकटी होती, दोन तासांचा रस्ता होता आणि पिशवीत दर्भ होता. त्यानं जुडी काढलीसुद्धा. पण हाती घेतलेलं काम मोजमाप पुरं न करता सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर आता तो घाबरला होता. हा मेला कावळा शिवला नाही तर घरी जाऊन त्या पोटावर हात कसा ठेवायचा, हे त्याला कळत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग त्याला वाटलं, आपलं चुकतंय कुठं ते कळलं. रामकृष्णाचा जीव स्वतःत कशाला अडकेल? तो त्या बाईत आणि त्या पोरात अडकला असेल. तिला मराठी कुठून येणार? तो हिंदीत बोलला. शम्सा आमच्या घरची सून आहे, तो म्हणाला. तिचा मुलगा आमच्या घरचा मुलगा आहे.

भिंतीवरचे सगळे कावळे गप्प झाले होते.

कोकणात दारात आलेल्या सोयऱ्याला म्हणतात तेच त्याच्या तोंडून निघालं. तो मनापासूनच बोलला.

"जो हमारा है, वो सब आपका है."

कावळा उतरला. त्यानं मधल्या पिंडात चोच घातली, एक शीत उचललं आणि उडून गेला. बाकीचे कावळे पिंड खायला थांबले नाहीत. सगळे त्याच्या मागोमाग गेले.

देवेश रडला. सुटल्यासारखं वाटून रडला. मागं वळून पाहिलं तर उंबऱ्यावर कोणी नव्हतं आणि दार आतून लावलेलं होतं. त्यानं पान खाडीत सोडलं, गाडीत बसला आणि यशश्रीला फोन लावला. तिनं उचलला नाही. झोपली असेल, असं त्यानं धरलं आणि वाटेत आईला फोन करून सांगितलं, कावळा शिवला. द्रौपदीबाई पलीकडे हुंदके देत देवाचं नाव घेत राहिली.

घरी आला तेव्हा दिवे लागायची वेळ होती. यशश्री पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं दिवा लावला नव्हता.

"दुपारपासून हललेला नाही रे," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवला. दुसऱ्या दिवशी मुलगा झाला. सगळं जागच्या जागी होतं, नखंसुद्धा आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण सापडत नाही, कधी कधी सापडत नाही. देवेशनं त्याला हातात घेतलं. त्याच्या कपाळाला आठी होती, उठवल्यावर चिडतात तशी. मग परिचारिकेनं तो काढून घेतला, आणि देवेशचे हात तसेच पुढे राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या खोलीत यशश्री औषधानं गाढ झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. देवेश खुर्चीत बसला होता. काही मोजायचं उरलं नव्हतं. यशश्रीनं त्याला अजून एक शब्दही विचारला नव्हता आणि विचारलं तर काय सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं. साइटवर गेलो होतो म्हणायचं? की तुझं मूल मी देऊन आलो म्हणायचं? असलं कोण मानील, तो स्वतःलाच म्हणत होता, मी तरी मानतो का?

फोन थरथरला. अमीन होता. देवेश उठला नाही. यशश्रीची झोप मोडू नये म्हणून फोन कानाला घट्ट दाबून त्यानं ऐकलं.

म्हाताऱ्यानं सलाम केला, तब्येत विचारली. त्याचा आवाज थकलेला होता, पुष्कळ जागरण झालेल्या माणसासारखा. तो म्हणाला, तुम्ही दिलेला शब्द आम्ही दोघांनी ऐकला, गवाही दोघांची लागते, ती झाली. आता तक्रार नाही. पण एक अडचण आहे.

"हम दो बूढ़े लोग," तो म्हणाला. "चुप नहीं होता. तुम सुनो."

त्यानं फोन कुठंतरी धरला. दार उघडल्याचा आवाज आला, मग वाळूत पावलं, आणि मग ते देवेशला ऐकू आलं. बारीक, कोरडं, अधूनमधून श्वास अडकणारं. नुकतं जन्मलेलं मूल भुकेनं रडतं तसं.

देवेशला फोन काढता येईना. बाहेर आवाज जाणार नाही एवढा त्यानं तो कानाशी दाबून धरला होता. खोलीत एसीची घरघर सोडून काही नव्हतं.

पलंगावर यशश्री हलली. तिचे डोळे मिटलेलेच होते. झोपेतच ती थोडी मागं सरकली, भिंतीकडची जागा सोडून, आणि डावा हात वाकवून त्या जागेवर ठेवला. तिच्या अंगातला दवाखान्याचा झगा छातीपाशी ओला व्हायला लागला. डाग पसरत गेले.

फोनमधलं रडणं हळूहळू कमी झालं, आणि थांबलं.