बाजूचा उजेड

“समोरून नको, बाजूने पाडा उजेड!”

भिंगवाली दचकली. कोरलेल्या बुद्धवचनांसाठी नावाजलेल्या त्या पुरातन मंदिरात, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या शेवटच्या शिळेपुढे ती सकाळपासून टॉर्च घेऊन डोळे फोडत बसली होती. जुन्या लिप्या वाचणं हे तिचं काम. हातात सदा भिंग, म्हणून हे नाव. आणि तिला शिकवायला कोण आलं होतं, तर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पाहुणा!

“तुम्ही लिपीतले जाणकार वाटतं?” तिने नाक मुरडलं.

“छे हो, दातांचा डॉक्टर! दाताची बारीक चीर बाजूच्या उजेडातच दिसते.”

त्याने अंगणात बसलेल्या आईच्या पर्समधला आरसा आणला, दारातलं ऊन त्यावर झेललं आणि शिळेवर तिरकं सोडलं. पुसट अक्षरं एकदम उठून दिसली.

“अय्या!” म्हणाली भिंगवाली, आणि लगेच लाजली.

ती वाचत गेली, तो आरसा धरून राहिला. कवडसा मात्र अधूनमधून घसरायचा... नेमका तिच्या गालावर.

“डॉक्टर, शिळा इकडे आहे.”

“हो का? मला वाटलं, वाचण्यासारखं तिकडेच जास्त आहे.”

“पेशंटशीही असंच बोलता?”

“त्यांना कुठे उत्तर देता येतं? तुम्ही देता... म्हणून तर मजा येतेय.”

ती खळखळून हसली. तेवढ्यात बाहेरून त्याच्या आईची हाक आली, “अरे, बस सुटेल थोड्या वेळात!”

भिंगवालीच्या मनात आलं, हा आता जाणार, आणि पुन्हा काही भेटायचा नाही. एका दुपारीत तो तिला आवडला होता, चक्क आवडला होता!

“एकच ओळ राहिलीय,” ती घाईघाईने म्हणाली. “धराल ना?”

तो आरसा धरून राहिला. ती भिंग फिरवत राहिली, उगाच ओठ हलवत राहिली. बसचा हॉर्न वाजला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

“खोटं बोलले मी... शिळा कधीच वाचून झाली. तुम्ही जाऊ नये म्हणून—”

“माहीत आहे,” तो हळूच म्हणाला. “ऊन तर मघाशीच गेलं. मीही नुसताच आरसा धरून उभा आहे.”

“अरे गाढवा, मग तो आरसा तरी दे माझा!” दारात त्याची आई उभी होती. “मी निघते. तू ये सावकाश. पण एकटा येऊ नकोस!”

“नाही येणार एकटे, काकू,” भिंगवालीच बोलून गेली.

आणि आईला बसमध्ये बसवून लगेच परतायचं म्हणून तिची पिशवी उचलून डॉक्टर तिच्याआधीच बसकडे धावला.