चार बोटं कापड

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. आमचे मेहुणे कोंडीबा यांच्यासमोर हे घडलं.

रात्री नाही. भर दुपारी.

सन चौऱ्याहत्तरचा मे महिना. सोलापूर, अक्कलकोट रस्ता.

तिथल्या एका लहान चिनी मातीच्या कारखान्यात कोंडीबा भट्टी लावायचे. मालक मुकुंदराव, शिकलेला माणूस. आधी तिथं विजेच्या खांबावरचे पांढरे कप व्हायचे. मग मुकुंदरावांनी बंगलोरच्या एका प्रयोगशाळेचं काम आणलं. अग्निबाणातून वर जाणाऱ्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. त्या आरशाच्या पाठीला लावायची तबकडी करायची. थंडीत आखडायला नको, उन्हात वाकायला नको. दगडासारखी ताठ, आणि पिसासारखी हलकी.

"ताठ आन् हलकं पायजे व्हय? मग आमच्या सोनाबाईला बोलवा की साहेब. पापड लई झ्याक करती," कोंडीबा म्हणाले. सोनाबाई म्हणजे त्यांची बायको, आमची बहीण.

सगळे हसले. मुकुंदराव हसले नाहीत.

त्यांनी काढलेली युक्ती सोलापुरातल्या माणसालाच सुचावी अशी होती. जाळीदार सुती कापड विणून घ्यायचं. पांढऱ्या मातीच्या पातळ घोळात भिजवायचं. थरावर थर लावून वाळवायचं आणि भाजायचं. भट्टीत सूत जळून जातं, माती उरते. दोरा नसतो, पण दोऱ्याची जागा राहते. पोकळ.

तबकडी उचलली की हाताला फसवल्यासारखं वाटायचं.

हे कापड गंगम्मा विणायची. कानडी मुलखातली म्हातारी, शहराच्या पूर्व भागात घर, घरातच हातमाग. इतकी एकसारखी जाळी दुसऱ्या कुणाच्या हातून उतरत नव्हती. तिची एक सवय होती. थोडं विणलं की थांबायची. कापडावरून तळहात फिरवायची. मग पुन्हा धोटा फेकायची, खट्ट खट्ट.

आधीच्या दोन तबकड्या भट्टीतच तडकल्या. प्रयोगशाळेनं कळवलं, आता शेवटची एक बघू. तीही गेली तर मुकुंदराव भट्टी कायमची विझवणार होते. कोंडीबांची पन्नाशी उलटलेली. छातीत मातीची धूळ बसलेली. त्यांना दुसरीकडं कोण ठेवणार?

आणि तेवढ्यात गंगम्मा गेली. मागावर बसल्या बसल्या.

तिचा नवरा शरणप्पा दिवस करायला गावी गेला. घरात सून एकटी. मुकुंदरावांनी तिच्याकडून मागावरचं कापड कापून आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

कापड कमी पडलं. चार बोटं.

"खालचा थर आहे. कडेला थोडी फट राहील, कुणाला दिसणार आहे?" मुकुंदराव म्हणाले.

कोंडीबांनी थर तसेच रचले. भट्टी भरली. दाराला विटा रचल्या, वरून माती लिंपली. भट्टी पेटली, ठरलेला जाळ झाला, आणि विझवली. आता काम एकच. हात न लावता निवू द्यायची. गार वारं आत शिरलं की तबकडी तडकलीच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीची माणसं जेवून कारखान्यामागं लांब लिंबाखाली आडवी झाली होती. कोंडीबा एकटे भट्टीपाशी.

बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं. पाखरू नाही. वारा नाही.

आणि आतून आवाज आला...

खट्ट.

निवताना भट्टी बोलते, हे कोंडीबांना ठाऊक होतं. विटा आखडतात, टकटक करतात. त्यांनी लक्ष दिलं नाही.

खट्ट... खट्ट... खट्ट...

विटेचा आवाज असा ठेक्यात येत नाही.

मग आवाज थांबला.

तळहात फिरवायला लागतो, तेवढाच वेळ.

आणि पुन्हा... खट्ट.

कोंडीबांच्या अंगावरचा घाम त्या उन्हात गार पडला. लिंबाखालच्या माणसांना हाक मारायला वळले, तोच...

फाटकाची कडी वाजली. शरणप्पा होता. गावाहून थेट आलेला, पायात चप्पल नाही.

"अण्णा, कापड कुटं हाय?"

"आप्पा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. मागावर कापड न्हाई. सून म्हनली, साहेबानं नेलं. अण्णा, आमच्या घरात अशी रीत हाय. विणणारा गेला की घरातल्या दुसऱ्यानं ते कापड पुरं करायचं. मगच मागावरनं काढायचं. अर्धं काढलं तर जाणारा जात न्हाई. विणत बसतो." तो थांबला. मान भट्टीकडं वळली. "हे... हे काय वाजतंय?"



सांगायची गरजच नव्हती. चाळीस वर्षं त्या आवाजाशेजारी झोपलेला माणूस तो.

शरणप्पानं भिंतीला टेकलेली पहार उचलली आणि दारावर धावला. "गंगम्मा! बंदे, बंदे!" आलो, आलो म्हणत होता. कोंडीबांनी त्याला मागून मिठी मारली. दोघंही मातीत पडले.

"सोड! आत हाय ती! जळाली माझी बाई!"

"आप्पा, ऐका माझं!"

"तुला तुझी ताटली पायजे व्हय रे?"

खरं होतं ते. कोंडीबांना ताटली हवी होती. पोट होतं तिच्यावर. पण त्या क्षणाला त्यांच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आप्पा, चार बोटंच ऱ्हायलंय. आता दार फोडलं तर पुन्हा अर्धंच ऱ्हाईल की. करू दे तिला पुरं."

शरणप्पाच्या हातातली पहार सुटली.

दोघं दाराला पाठ लावून बसले. विटा पाठीला चटके देत होत्या. आत खट्ट... खट्ट... मग थांबणं... मग खट्ट...

ऊन कलायला लागलं तेव्हा आवाज थांबला. ते वाट बघत राहिले.

पुन्हा आला नाही.

शरणप्पा उठला, भट्टीला हात जोडले आणि निघून गेला.

भट्टी पूर्ण निवल्यावर मुकुंदरावांनी स्वतः विटा काढल्या. तबकडी अख्खी होती. कुठं चीर नाही. त्यांनी ती अलगद उलटी केली...

फट नव्हती.

चार बोटांची जागा भरलेली होती. तीच जाळी, तोच हात.

"माती पसरली असेल," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेरानं तबकडी वाजवून पाहिली. टण्ण. घंटेसारखी. मग त्या चार बोटांच्या जागेवर वाजवली.

आवाजच नाही.

बद्द नाही, फुटका नाही. काहीच नाही. हवेवर बोट मारावं तसं.

तराजूत घातली. फट धरून जे वजन यायला हवं होतं, तेवढंच भरलं. वर गुंजभरही नाही.

कोंडीबांनी त्या दुपारचं सगळं सांगितलं. मुकुंदरावांनी अर्ध्या कापडाची ती रीत दोनदा विचारून घेतली. तबकडी कापसात बांधून बंगलोरला गेली.

महिन्याभरानं तिकडून ट्रंक कॉल आला. तबकडी पसंत. भट्टी वाचली. कोंडीबांनी पेढे वाटले.

संध्याकाळी मुकुंदरावांनी त्यांना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"कोंडीबा, आणखी सहा मागतायत. पण त्यांची एक अट आहे. पूर्ण तबकडी त्या कडेच्या भागासारखी हवी. सगळीच."

"ते कसं हुईल, साहेब?"

मुकुंदराव खिडकीबाहेर बघत होते. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "गंगम्माची ती जाऊ, गिरिजाबाई. तीही विणते ना? तब्येत कशी असते हो तिची?"

कोंडीबा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी उठून थेट पूर्व भागात गेले. काम घेऊ नका, एवढंच त्या बाईला सांगायचं होतं.

गिरिजाबाई मागावर बसल्या होत्या. वाळून काटकी झालेल्या, खोकत होत्या. कोंडीबांना बघून हसल्या.

"या, या. कालच तुमचे साहेब येऊन गेले की. लई भला माणूस. म्हनले, घाई न्हाई. बसून सावकाश विणा. तुमच्याकडनं होईल तेवढंच विणा, अर्धं ऱ्हायलं तरी चालंल..."

मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, चढलेला होता. नुकतीच सुरुवात झाली होती.

कोंडीबांनी हात जोडून विनवलं. बाई हसण्यावारी नेत राहिल्या. भट्टीचं काम कोंडीबांनी त्याच दिवशी सोडलं आणि बायकोला घेऊन जेऊरला आमच्या घरी राहायला आले.

पुढं त्या भट्टीतून काय निघालं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. फक्त आकाशात काहीतरी सोडल्याची बातमी रेडिओवर लागली की ते जेवता जेवता उठायचे... आणि रेडिओ बंद करायचे.